साळवे डॉक्टरांचं विमान

साळवे डॉक्टरांना काहीही विचारलं तरी पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, "अजून बगतोय." गाय वाचेल का, बदली होईल का, आमटीत मीठ बरोबर आहे का, सगळ्याला तेच. आमटीची वाटी रिकामी झालेली असायची, तरी "अजून बगतोय." त्यांच्या पत्नी, शालिनीकाकू, पदराला हात पुसत मला म्हणायच्या, "पोरगी नोकरीला लागली आमची. तरी आजबी मी इचारलं, अहो, मी पसंत हाय का तुमाला, तर हे म्हनतील, अजून बगतोय." डॉक्टर खाली मान घालून हसायचे आणि ताटावरून उठायचे.

मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मिरजगावात स्टँडजवळ नवा कॉम्प्युटर क्लास निघाला होता, तिथं मी शिकवायचे. लोक अजून चपला बाहेर काढून क्लासमध्ये यायचे. डॉक्टर सरकारी दवाखान्यात जनावरांचे डॉक्टर होते. मूळचे श्रीगोंद्याकडचे, वडील साखर कारखान्यात कामगार. शिकले, नोकरीला लागले, पण बोलणं घरचंच ठेवलं. जिल्ह्याचे साहेब आले तरी त्यांच्यासमोर "हाय" आणि "न्हाई." पुढे त्यांची नेवाशाला बदली झाली, तिथंच ते निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर फार दिवस जगले नाहीत. त्यांच्याबद्दल सांगायचं म्हटलं की मला मात्र मिरजगावातलं ते एकच वर्ष आठवतं. बाकीचं सगळं त्याच्यामागे गेलं आहे.

रविवारी लोक जनावरं घेऊन थेट घरीच यायचे. अंगणात लिंबाच्या झाडाखाली बांधायचे आणि वाट बघायचे. मी वरून गॅलरीतून बघायचे. एकदा एकानं पोट फुगलेली, थरथरणारी म्हैस आणली.

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय न्हाई साहेब. रोजचंच."

डॉक्टर म्हशीकडे बघत राहिले. मग तेवढ्याच हळू आवाजात परत, "काय खाल्लं?"

"कडबा."

"आनि?"

"पेंड."

"आनि?"

त्या माणसानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "युरियाचं पोतं जरा फाटलं हुतं, साहेब."

तेवढं कळल्यावर पुढं काय करायचं ते डॉक्टरांना ठाऊक होतं. म्हैस वाचली. नंतर ते मला म्हणाले, "मालक खोटं बोलत न्हाई, सुजाता. त्याला वाटतं, तेवढं सांगायची काय गरज न्हाई. आपन इचारत ऱ्हायचं."

आणि कधी कळलं नाही तर तेही ते तसंच सांगायचे. एका म्हाताऱ्याची चांगली कालवड एका रात्रीत मेली. म्हाताऱ्याला कारण हवं होतं. साप म्हणा, विष म्हणा, कुणाची नजर म्हणा, काहीतरी. डॉक्टर म्हणाले, "मला न्हाई कळलं, बापू." म्हातारा भडकला. "मग डाक्टर कशापाई झाला?" डॉक्टर हात मागे बांधून ऐकत उभे राहिले. कालवड पुरेपर्यंत तिथून हलले नाहीत. काकू घरात मला म्हणाल्या, "साप म्हनून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" पण त्यांच्या आवाजात राग नव्हता.

त्याच वर्षी श्रावणात काकूंना ताप आला. आधी गावात औषध घेतलं, मग कर्जतला, मग नगरच्या एका दवाखान्यात ठेवलं. मी डबा घेऊन गेले तेव्हा डॉक्टर कॉटजवळ उभे होते आणि सलाईनच्या बाटलीवरचं नाव वाचत होते. बाटली बदलली की नवं नाव वाचायचे. सकाळी एक औषध बंद व्हायचं, दुपारी दुसरी दोन सुरू व्हायची. जनावरांचे असले तरी डॉक्टरच ते, त्यांना त्यातली बरीच नावं माहीत असणार. पण त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. नर्सबाई आल्या की ते बाजूला सरकायचे. काकूंनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी डबा खाली ठेवायला सांगितला. दोन दिवसांनी त्या गेल्या.

पुण्याहून वैशाली, त्यांची मुलगी, आली. ती रडली. शेजारच्या बायका रडल्या. मला रडू आलं नाही. मी पाणी भरलं, आल्यागेल्याला चहा केला, भांडी घासली. हात काम करत होते आणि मी कुठेतरी लांब उभी राहून त्यांच्याकडे बघत होते. डॉक्टरही तसेच. कुणी समोर आलं की जयभीम म्हणायचे, बसायला सांगायचे. दवाखान्यातून आलेल्या दाखल्यावर मृत्यूचं कारण म्हणून हृदय बंद पडणं असं लिहिलं होतं. त्यांनी तो वाचला आणि वैशालीकडे दिला. म्हणाले, "हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं."

त्यानंतर त्यांचं "अजून बगतोय" बंद झालं. काहीही विचारलं तरी लगेच उत्तर यायचं. जेवलात का काका? व्हय. भाजी चांगली झाली का? व्हय. दवाखान्यात जायचे, यायचे, लोकांची जनावरंही बघायचे. संध्याकाळी कॉटवर बसायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघायचे. मी खाली जाऊन दिवा लावला तर लावला, नाहीतर अंधारातच.

काकूंच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि जाताना वैशालीनं पुण्याहून मागवून घेतलेला स्वतःचा कॉम्प्युटर बाबांसाठी ठेवला. त्यात विमान चालवायचा एक खेळ होता. मी त्यांना एकदा दाखवला. इंजिन असं सुरू करायचं, या बटणानं वर जायचं, या बटणानं वळायचं. मला वाटलं, दोन दिवस बघतील आणि सोडून देतील. पण त्यांनी धरलं. दवाखान्यातून आले की खुर्चीवर बसायचे आणि विमान उडवायचे. कुठल्या गावाला जायचं, उतरायचं, असं काही नाही. वर न्यायचं आणि सरळ उडत ठेवायचं. इंजिनाचा तो एकसुरी घरघर आवाज माडीवर यायचा. तो आवाज आला की मला बरं वाटायचं. माणूस खाली आहे, बसलेला आहे, काहीतरी करतो आहे.

दिवाळीच्या सुट्टीत वैशाली आली, तेव्हा पुण्याहून कॉम्प्युटरसाठी काही नवीन भाग घेऊन आली होती. तिच्या ऑफिसातला एक मित्र सोबत होता. त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, पडद्यावरची चित्रं नीट दिसावीत म्हणून नवीन डिस्प्ले कार्ड बसवलं, सीडीवरून ते चालवणारा नवा प्रोग्रॅम, त्याचा ड्रायव्हर, घातला. "बाबा, आता ढगसुद्धा दिसतील," ती म्हणाली. आणि खरोखर ढग दिसले. पांढरे, कडेला जरा विरळ. डॉक्टर ढगात शिरले आणि बाहेर आले. वैशाली टाळ्या वाजवून हसली. दुसऱ्या दिवशी ती परत गेली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी खालून वेगळाच आवाज आला. इंजिनाची घरघर एकाच जागी अडकून ओरडत होती, जनावर दावणीत अडकल्यासारखी. मी धावत गेले. पडद्यावर विमान ढगाच्या तोंडाशी थिजलं होतं. माऊस हलत नव्हता, बटणं चालत नव्हती. डॉक्टर हात मांडीवर ठेवून बसले होते.

मी बटण दाबून मशीन बंद केलं, परत चालू केलं. थोडा वेळ उडालं आणि परत थिजलं. कधी नुसतं थिजायचं, कधी सगळा पडदा निळा होऊन पांढरी अक्षरं यायची. पत्र टाईप केलं तर मशीन थिजत नव्हतं. गाणं लावलं तरी थिजत नव्हतं. फक्त खेळ लावला की.

"फॉरमॅट मारते, काका," मी म्हणाले. क्लासवर आम्ही हेच करायचो. काही बिघडलं की सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून भरायचं.

"फॉरमॅट मारल्यावर चालंल?"

"चालेल बहुतेक."

"आनि कशानं बिघडलं हुतं, ते कळंल?"

"ते कशाला कळायला पाहिजे? चाललं म्हणजे झालं."

"नको मग," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते एवढं ठामपणे काही बोलले. मग उठले, हात मागे बांधले आणि बंद मशीनसमोर उभे राहून बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं त्याच्या मागे लागलो. दुपारी क्लास सुटला की मी खाली यायचे. त्यांची एकच अट होती. "एका टायमाला एकच बदल. दोन बदल केले आनि बरं झालं, तर कशानं झालं ते सांगता येत न्हाई. बिगडलं तरी न्हाई."

पहिला संशय मला विजेचा. गावात व्होल्टेज कधी धड नसायचं. क्लासवरचा स्टॅबिलायझर आणून जोडला. विमान थिजलं. मग उष्णता. डब्याची एक बाजू उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावला. डॉक्टरांनी आत हात घालून कार्डाच्या जवळ बोट नेलं, जसं ते वासराच्या कानाला हात लावून ताप बघायचे. "गरम हाय, पन लई न्हाई." विमान पुन्हा थिजलं. मग ड्रायव्हर. नवा काढला, त्याचं मागे राहिलेलं सगळं शोधून पुसलं, सीडीवरून परत घातला. मला खात्री होती की आता होणार. त्या दिवशी विमान बराच वेळ उडालं. डॉक्टर माझ्याकडे बघायला वळले आणि तेवढ्यात घरघर अडकली.

मग मी नवं कार्डच काढून टाकलं. वैशालीनं जुनं कार्ड खोक्यात घालून ठेवलं होतं, ते बसवलं, त्याचा जुना ड्रायव्हर घातला. ढग गेले. डोंगर परत चौकोनी झाले. आता मशीन दिवाळीआधी होतं तसं झालं होतं. आणि विमान तरीही थिजलं.

मी खुर्चीवर बसून राहिले. "काका, हे आधी असं कधीच होत नव्हतं. आता सगळं आधीसारखंच आहे. मग का होतंय?"

डॉक्टर उठले. पायात चप्पल घातली. "चल," म्हणाले. आम्ही स्टँडवरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो आणि त्यांनी वैशालीला ऑफिसात फोन लावला.

"दिवाळीत काय काय बदललं?"

तिचा आवाज बाहेर मला ऐकू येत होता. "कार्ड बदललं, बाबा. का?"

"आनि?"

"त्याचा ड्रायव्हर."

"आनि?"

"एवढंच. का, बंद पडलं का?"

बूथवाला मीटरकडे बघत होता. मग डॉक्टर परत म्हणाले, "आनि?"

"अं... हां, रॅम थोडी वाढवली होती. एक पट्टी जास्तीची घातली. पण त्यानं काय होतंय?"

"बरं. जेवत जा टायमावर," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

घरी येऊन मी डबा उघडला. रॅमच्या, म्हणजे मशीनच्या मेमरीच्या, दोन पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. मी त्या रोज बघत होते, पण पहिल्यापासून दोनच असतील असं धरून चालले होते. नवी कुठली ते तिच्या स्वच्छ रंगावरून कळत होतं. ती काढली. खेळ लावला. विमान उडालं. एका दमात समुद्रापर्यंत गेलं. मग नवं कार्ड परत बसवलं, नवा ड्रायव्हर घातला. ढग आले. विमान ढगातून गेलं, बाहेर आलं, परत दुसऱ्या ढगात गेलं.

"मिळालं, काका!" मी ओरडले.

"पट्टी परत घाल," ते म्हणाले.

"का? आता चालतंय ना."

"तीच हाय का, बगायचं."

मी आजारी पट्टी परत घातली. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. थोड्या वेळानं विमान थिजलं, घरघर अडकली, खोलीभर तो आवाज भरून राहिला. मी बटणाकडे हात नेला, पण डॉक्टरांनी मला थांबवलं. त्यांनी तो आवाज नीट ऐकून घेतला. मग म्हणाले, "हां. काढ आता."

पट्टी काढली. त्यांनी विमान वर नेलं, सरळ केलं आणि बटणांवरून हात काढून घेतले. आम्ही नुसते बसलो. बाहेर ऊन उतरत गेलं. पडद्यावर खाली नुसता समुद्र होता, बाकी काही नाही. मी चहा करून आणला, तो दोघांनी प्यायला. विमान चालत राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता आणि त्यांनाही.

मग डॉक्टर पडद्याकडे बघतच म्हणाले, "शालिनीचं असं कळलं असतं तर..."

मी कप खाली ठेवला.

"तर काय झालं असतं? काय न्हाई. ती गेलीच असती. पन कळलं असतं."

एवढं बोलून त्यांनी खेळ बंद केला, मशीन बंद केलं, आणि पट्टी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "वैशालीकडं पाठवून दे. बदलून घेतील दुकानवाले."

त्या शनिवारी सकाळी ते पांढरा शर्ट घालून जिन्याखाली उभे होते. "नगरला जायचं हाय. येतीस का सोबत?" कशाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एसटीत ते खिडकीशी बसले. वाटेत एकदाच बोलले. म्हणाले, "तिथं गेल्यावर मला काय बोलता आलं न्हाई, तर तू नाव सांग तिचं."

आम्ही त्याच दवाखान्यात गेलो. काकूंवर उपचार करणारा डॉक्टर तरुण होता, वैशालीहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. साळवे डॉक्टरांनी काकूंचं नाव सांगितलं, आपलं आपणच सांगितलं. तो तरुण उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला काकू आठवत होत्या आणि भांडण होणार असं वाटत होतं. तो भराभर सांगायला लागला. आधी मलेरिया वाटला, मग रिपोर्टमध्ये तो निघाला नाही, मग टायफॉईडचं औषध दिलं, मग रक्तदाब खाली गेला.

साळवे डॉक्टरांनी त्याला बोलू दिलं. तो थांबल्यावर हळूच विचारलं, "आनि?"

"आणि प्लेटलेट कमी होत गेल्या."

"आनि?"

तो तरुण टेबलाकडे बघत उभा राहिला. बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. मग तो म्हणाला, "खरं सांगू का, काका? आम्हाला कळलं नाही. शेवटपर्यंत नाही कळलं. म्हणून एकामागून एक औषधं देत गेलो."

"एवढंच इचारायचं हुतं," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही रागावला नाहीत?"

"मी बी सांगतो लोकांना तसं. लई जड जातं सांगायला." मग त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला. "बस तू, बस. उभा ऱ्हाऊ नको."

परत येताना ते पुन्हा खिडकीशी बसले. ऊन होतं, तरी त्यांनी खिडकी उघडीच ठेवली. घरी आल्यावर म्हणाले, "जरा पडतो." मी वर गेले. संध्याकाळी खाली डोकावले तर ते कॉटवर कुशीवर झोपले होते, शर्टही बदलला नव्हता. मी पांघरूण घातलं. काकू गेल्यापासून मी त्यांना झोपलेलं बघितलं नव्हतं. मी रात्री जिना चढायचे तेव्हा ते जागे असायचे, सकाळी उतरायचे तेव्हाही जागे.

रविवार उजाडला. नेहमीप्रमाणे लोक जनावरं घेऊन आले. मी दारात जाऊन सांगितलं, "डॉक्टर झोपलेत." कुणी झोपेतून उठवायला सांगितलं नाही. कुणी परतही गेलं नाही. हळूहळू अंगण भरत गेलं. म्हशी, एक लंगडणारा बैल, दोन शेळ्या, एका टोपलीत कोंबड्या. माणसं कुजबुजत बोलत होती. एकानं आपल्या बैलाच्या गळ्यातली घाटी वाजू नये म्हणून तिच्यात फडकं कोंबलं. एक म्हैस हंबरायला लागली तर तिच्या मालकानं तिच्या तोंडावर हात ठेवून तिला गोंजारलं. रस्त्यावरून ट्रक जात होते, पण अंगणात आवाज नव्हता.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दार उघडलं. डॉक्टर चुरगळलेल्या शर्टात बाहेर आले, उन्हानं डोळे बारीक केले आणि भरलेलं अंगण बघितलं.

"हाक मारायची न्हाई व्हय?"

डॉक्टर एक पायरी उतरले, दुसरीवर थांबले आणि तिथंच बसले. आधी मला वाटलं, चक्कर आली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज आला नाही पहिल्यांदा, नंतर आला. एवढा मोठा माणूस, सगळ्या गावासमोर, गुडघ्यात तोंड घालून रडत होता. मी माडीवरून जिन्यानं खाली निघाले आणि अर्ध्यावर थांबले.

माणसं जमिनीकडे बघत उभी राहिली. कुणी जवळ गेलं नाही, कुणी उगी म्हणालं नाही. बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी बाहीनं डोळे पुसले आणि उठायला लागले. तेव्हा शेळी घेऊन आलेली एक म्हातारी बाई खालीच मांडी घालून बसली. शेळीला तिनं पदराआड ओढून घेतलं.

"बसा, साहेब," ती म्हणाली. "आमाला काय घाई न्हाई."